हो की नाही : टॅरोच्या पत्त्यांना नेमका प्रश्न कसा विचारावा

टॅरोचा कॅट घरी आणला की पहिल्याच संध्याकाळी जो प्रश्न विचारला जातो, तो बहुधा हो-नाहीचा असतो. नोकरी मिळेल का, घराचा व्यवहार करावा का, रुसलेल्या मैत्रिणीला आपण होऊन फोन करावा का. प्रश्न सोपा आहे म्हणून उत्तरही सोपे येईल असे वाटते. प्रत्यक्षात पत्ता उघडल्यावर डोळ्यांना पट्टी बांधलेली एक बाई दोन तलवारी छातीशी आडव्या धरून बसलेली दिसते, आणि याला होकार समजावे की नकार, हे त्या चित्रात कुठेच लिहिलेले नसते. मग माणूस दुसरा पत्ता काढतो, तिसरा काढतो, आणि मनाजोगा पत्ता आला की थांबतो. नवख्यांचे सगळ्यात जास्त इथेच चुकते. म्हणून या लेखात पत्त्यांच्या अर्थांपेक्षा पत्ता उघडण्यापूर्वी करायच्या तयारीवर अधिक भर दिला आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. पत्त्यांना भविष्य कळते हे सिद्ध झालेले नाही, आणि मी तसा दावाही करत नाही. मी हा कॅट वापरते तो मनात घोळत राहिलेला प्रश्न एकदाचा नीट शब्दांत मांडता यावा आणि उत्तर ऐकल्यावर आपल्याला काय वाटते हे पाहता यावे म्हणून. ज्यांची श्रद्धा याहून मोठी आहे त्यांनाही पुढच्या पायऱ्या तशाच्या तशा उपयोगी पडतील, कारण बेशिस्त प्रश्नाला धड उत्तर मिळत नाही, मग उत्तर देणारा कोणीही असो.

कॅट कोणता घ्यावा

टॅरोमध्ये ७८ पत्ते असतात. त्यांतल्या २२ पत्त्यांना मेजर अर्काना म्हणतात; सूर्य, चंद्र, मनोरा, न्याय, मृत्यू हे त्यांतले ओळखीचे पत्ते. उरलेले ५६ पत्ते म्हणजे मायनर अर्काना. त्यांचे दांडकी, प्याले, तलवारी आणि नाणी असे चार गट असतात आणि प्रत्येक गटात १४ पत्ते येतात. एक्का, दुर्री, तिर्रीपासून दश्शीपर्यंतची रचना आपल्या नेहमीच्या कॅटासारखीच आहे. फरक एवढाच की गुलाम, राणी, राजा या तिघांच्या जागी पेज, नाइट, क्वीन आणि किंग असे चौघे असतात.

हे पत्ते मुळात खेळण्यासाठी तयार झाले. पंधराव्या शतकात उत्तर इटलीतल्या मिलान, फेरारा अशा दरबारांमध्ये त्यांचा डाव मांडला जाई, आणि फ्रान्समध्ये टॅरो नावाचा पत्त्यांचा खेळ आजही आवडीने खेळतात. त्यांतून भविष्य सांगण्याची पद्धत अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समध्ये रुजली. हे पत्ते म्हणजे प्राचीन इजिप्तचे गुप्त ज्ञान आहे, असे कोर्ट द जेबेलिन या फ्रेंच विद्वानाने १७८१ मध्ये पुराव्याविना लिहिले आणि ती समजूत अजून पुसली गेलेली नाही. नवख्याला हा इतिहास माहीत असावा तो एका व्यावहारिक कारणासाठी : अमुक पत्ता म्हणजे हो आणि तमुक पत्ता म्हणजे नाही, असा हजारो वर्षांपासून चालत आलेला कोणताही नियम अस्तित्वात नाही. तो नियम आपण ठरवायचा असतो.

सुरुवातीला १९०९ साली लंडनमध्ये रायडर या प्रकाशकाने काढलेल्या संचाची आवृत्ती किंवा त्याच धर्तीवरचा एखादा संच घ्यावा. त्याची आखणी गूढविद्येवर लिहिणारे आर्थर एडवर्ड वेट यांची आणि चित्रे पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीची आहेत. मार्सेय पद्धतीच्या जुन्या संचांमध्ये तलवारींच्या तिर्रीवर फक्त तीन तलवारी असतात, तर स्मिथबाईंनी तिथे पावसात तीन तलवारींनी भोसकलेले हृदय काढले आहे. होकार-नकार ठरवताना असे बोलके चित्र नवख्याला फार मदत करते. खरेदी करताना पत्त्याची पाठ पाहून घ्यावी. पाठीवरची नक्षी उलटसुलट दोन्हीकडून सारखीच दिसत असेल तरच संच घ्यावा, नाहीतर पत्ता सरळ आहे की उलटा, म्हणजे चित्राचे डोके खाली गेलेला, हे उघडण्याआधीच कळते आणि सगळी गंमत जाते.

प्रश्न

प्रश्न नुसता मनात धरू नये, तो कागदावर लिहावा. लिहिताना लक्षात येते की आपण मराठी माणसे हो-नाहीचा म्हणून जो प्रश्न विचारतो, तो पुष्कळदा तसा नसतोच. "मी इथेच राहू की बंगळुरूला जाऊ?" या प्रश्नाला हो किंवा नाही असे उत्तर देता येत नाही; त्यासाठी प्रत्येक पर्यायाचा एकेक पत्ता काढून दोन्ही शेजारी ठेवावे लागतात, आणि ती पद्धत वेगळी आहे. "हा फ्लॅट घेऊ नये ना?" यात उत्तर आधीच घालून ठेवलेले आहे, शिवाय नकार आला तर तो "घेऊ नये" याला दुजोरा की "घेऊ नये" याचा इन्कार, यावर घरात वाद होऊ शकतो. "नोकरी सोडून स्वतःचे काम सुरू करू का?" हे एका वाक्यात कोंबलेले दोन प्रश्न आहेत, कारण नोकरी सांभाळूनही काम सुरू करता येते आणि दुसरे काम न करताही नोकरी सोडता येते.

तेव्हा प्रश्न लिहून झाला की त्याला तीन कसोट्या लावाव्यात. त्यात एकच गोष्ट विचारलेली असावी. तिला मुदत असावी. आणि ती गोष्ट करणे किंवा न करणे आपल्या हातात असावे. "माझे लग्न होईल का?" हा प्रश्न पहिल्या कसोटीला उतरतो आणि उरलेल्या दोन्हींमध्ये नापास होतो. तोच प्रश्न "या दिवाळीच्या आत मी विवाहमंडळात नाव नोंदवावे का?" असा केला की त्याला उत्तर देता येते आणि ते उत्तर पुढे पडताळूनही पाहता येते. शेवटचे वाक्य "व्हावे का, होईल का" यापेक्षा "मी करावे का" या वळणाचे असले की प्रश्न अर्धा सुधारलेलाच असतो. माझा अनुभव असा की दहातल्या तीन-चार वेळी प्रश्न असा घासूनपुसून लिहिताना उत्तर आपोआप सुचते आणि पत्ते काढायची गरजच उरत नाही. अशा वेळी ते काढूही नयेत.

नियम पत्ता उघडण्याआधी

कोकणात आणि गोव्यात ज्यांनी देवाला कौल लावलेला पाहिला आहे, त्यांना पुढचा मुद्दा लगेच पटेल. देवाच्या मूर्तीला पाण्याने पाकळ्या किंवा कळ्या चिकटवतात, गाऱ्हाणे घालून प्रश्न मोठ्याने सांगतात, आणि मग वाट पाहतात. उजवीकडची कळी पडली तर होकार आणि डावीकडची पडली तर नकार, ही रीत कळी पडण्याआधीच तिथे जमलेल्या सगळ्यांना ठाऊक असते. डावी कळी पडल्यावर "पण ती जरा उजवीकडे कलली होती" असे म्हणण्याची सोय तिथे कोणालाच नसते. टॅरोमध्ये मात्र ही सोय पदोपदी असते, कारण चित्रात तपशील भरपूर असतात आणि हवा तो अर्थ काढायला मन तयारच असते. बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने १९४८ साली आपल्या ३९ विद्यार्थ्यांना त्यांच्या स्वभावाचे म्हणून एकच एक वर्णन वाटले होते, आणि ते आपल्याला किती लागू पडते यासाठी विद्यार्थ्यांनी त्याला पाचांपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. पत्ता बघून मग नियम ठरवणारा माणूस त्या वर्गातलाच एक समजावा.

नियम ठरवण्याच्या मुख्य रीती दोन आहेत. पहिल्या रीतीत पत्ता सरळ आला तर हो आणि उलटा आला तर नाही, एवढेच पाहतात. ही रीत सुटसुटीत आहे, पण भोसकलेले हृदय सरळ आले म्हणून त्याला होकार मानणे नवख्याला फार जड जाते, आणि मग तो चित्र व दिशा या दोघांत लोंबकळत राहतो. दुसऱ्या रीतीत सगळे पत्ते सरळच ठेवतात आणि प्रत्येक पत्त्याचे उत्तर चित्रावरून आधीच ठरवून टाकतात. मी नवख्यांना दुसरी रीत सुचवते. दोन्ही रीतींची सरमिसळ मात्र कधीही करू नये.

दुसरी रीत घेतली तर एक निवांत दुपार काढून ७८ पत्ते एकेक करून पाहावेत आणि "हो", "नाही" व "आत्ताच नाही" असे तीन ढीग करावेत. सूर्य, जग, तारा, चारही एक्के, दांडक्यांची अठ्ठी आणि ज्याला इच्छापूर्तीचा पत्ता म्हणतात ती प्याल्यांची नव्वी यांच्याबद्दल फारसा वाद होत नाही. ते होकाराच्या ढिगात जातात. वीज पडून कोसळणारा मनोरा, तलवारींची तिर्री व दश्शी, बर्फातून लंगडत जाणाऱ्या दोन भिकाऱ्यांची नाण्यांची पंजी हे नकाराचे. झाडाला उलटा टांगलेला माणूस, पडद्यापुढे गप्प बसलेली हाय प्रीस्टेस, चंद्र आणि सुरुवातीला सांगितलेली ती पट्टी बांधलेली बाई, म्हणजे तलवारींची दुर्री, हे "आत्ताच नाही" यातले. मृत्यूच्या पत्त्याला घाबरून तो डोळे मिटून नकारात टाकू नये. त्यावर पांढऱ्या घोड्यावर बसलेला सांगाडा आहे हे खरे, पण त्याच्या काळ्या निशाणावर पांढरा गुलाब आहे आणि मागे दोन मनोऱ्यांच्या मधून सूर्य दिसतो. जुने संपवण्याबद्दलचा प्रश्न असेल तर अनेकजण त्याला होकारच धरतात. मी मात्र तो "आत्ताच नाही" यात ठेवला आहे, कारण प्रश्न बघून पत्त्याचा ढीग बदलायचा नाही असा माझा नियम आहे.

ढीग झाले की ते मोजावेत. माझ्या यादीत ३६ पत्ते होकाराचे, २७ नकाराचे आणि १५ मधले आहेत. याचा अर्थ, मी काहीही विचारले तरी एक पत्ता काढल्यावर होकार येण्याची शक्यता सुमारे ४६ टक्के, नकाराची ३५ आणि मधल्या उत्तराची १९ टक्के असते. माझा कॅट होकाराकडे झुकलेला आहे आणि तो मीच झुकवला आहे. ज्याला असा झुकाव नको असेल त्याने हो आणि नाही यांचे पत्ते सारखे करावेत. यादी वहीच्या पहिल्या पानावर लिहून काढावी आणि निदान सहा महिने तिला हात लावू नये.

पिसणे आणि काढणे

टॅरोचा पत्ता साधारण ७० मिलिमीटर रुंद आणि १२० मिलिमीटर उंच असतो, त्यामुळे नेहमीच्या कॅटासारखा तो हातात सहज पिसता येत नाही आणि जोर केला तर कडा मुडपतात. ५२ पत्त्यांचा कॅट अर्धा-अर्धा करून एकमेकांत फरफरवत पिसला तरी तो पुरेसा मिसळायला सुमारे सात वेळा पिसावा लागतो, हे बायर आणि डायकोनिस या गणितज्ञांनी १९९२ साली दाखवले. ७८ पत्त्यांना त्याहून थोडे अधिक लागणार. सोपा उपाय असा की सतरंजीवर सगळे पत्ते पालथे पसरावेत आणि दोन्ही हातांनी एक-दोन मिनिटे गोल गोल फिरवून पुन्हा गोळा करावेत. उलटे पत्ते न वापरण्याची रीत असेल तर पत्ते फिरवताना त्यांची दिशा बदलणारच. तिच्याकडे दुर्लक्ष करावे आणि पत्ता उघडल्यावर तो सरळ करून पाहावा. डाव्या हाताने काटावे, उदबत्ती लावावी, कॅट रेशमी कापडात ठेवावा, या गोष्टी आवडत असतील तर जरूर कराव्यात. उत्तरावर त्यांनी फरक पडतो असे मला कधी आढळलेले नाही.

कॅट काटून झाला की पत्ता उघडण्याआधी वहीत प्रश्नाखाली एक ओळ लिहावी : मला कोणते उत्तर हवे आहे. ही ओळ गाळण्याचा मोह फार होतो, कारण ती लिहिताना लाज वाटते. त्यानंतर वरचा पत्ता उघडावा, यादीत पाहावे आणि "हो", "नाही" किंवा "आत्ताच नाही" एवढेच लिहावे. चित्राचा विचार त्यानंतर करायचा, आधी नाही.

समजा प्रश्न असा आहे : "३१ मार्चच्या आत मी घरून जेवणाचे डबे द्यायला सुरुवात करावी का?" आणि पत्ता निघाला नाण्यांची अठ्ठी. या पत्त्यावर एक कारागीर बाकावर बसून नाण्यांवर छिन्नी चालवतो आहे, झालेली नाणी खांबावर टांगली आहेत आणि गाव पार मागे दूरवर आहे. माझ्या यादीत हा होकार आहे, तेव्हा उत्तर झाले. आता चित्र "कसे" एवढेच सांगू शकते : एकेक नाणे घडवणारा माणूस दिसतो आहे, तर पाच डब्यांनी सुरुवात करावी, पन्नासांची ऑर्डर घेऊ नये. याच प्रश्नाला दांडक्यांची दश्शी आली असती, म्हणजे दहा दांडक्यांच्या भाराखाली वाकून चालणारा माणूस, तर माझ्या यादीप्रमाणे उत्तर नकार. आणि नकारामागे कोणता भार आपण जमेस धरला नव्हता, यावर विचार करता आला असता. मात्र "भार आहे, पण माणूस चालतो तर आहे" असे म्हणून नकाराचा होकार करायचा नाही.

"आत्ताच नाही" आले तर प्रश्नाची मुदत संपेपर्यंत तो पुन्हा विचारू नये. उत्तर आवडले नाही म्हणून लगेच दुसरा पत्ता काढणे तर मुळीच नको. माझ्यापुरते गणित सांगायचे तर एका पत्त्यात होकार येण्याची शक्यता ४६ टक्के आहे. तीनदा विचारले की निदान एकदा होकार येण्याची शक्यता ८४ टक्क्यांवर जाते. हट्टाने मिळवलेल्या होकाराची किंमत एवढीच.

तीन पत्ते आणि एक्क्यांची रीत

एका पत्त्यावर समाधान होत नसेल तर तीन पत्ते ओळीने मांडून बहुमत घ्यावे. काहीजण मधल्या पत्त्याला दोन गुण देतात. तसे केल्यास मधला हो आणि बाजूचे दोन्ही नाही असे आले की बरोबरी होते, आणि ती अनिर्णित धरायची हेही आधीच ठरवून ठेवावे.

ज्यांना सरळ-उलट्याची रीत आवडते त्यांच्यासाठी एक्क्यांची जुनी रीत फार मजेची आहे. पिसलेल्या कॅटातून पत्ते एकावर एक उघडे टाकत जायचे. एक्का आला किंवा तेरा पत्ते झाले की थांबायचे आणि दुसरा ढीग सुरू करायचा, मग तिसरा. सरळ एक्का म्हणजे हो, उलटा म्हणजे नाही, आणि ज्या बाजूला एक्के जास्त ते उत्तर. पहिला ढीग एक्क्याविना जाण्याची शक्यता सुमारे ४७ टक्के असते, पण तिन्ही ढिगांत एकही एक्का न येणे शंभरात जेमतेम सहा वेळा घडते. तसे झाले तर जुन्या रीतीप्रमाणे प्रश्नाची वेळ आलेली नाही असे मानून कॅट गुंडाळून ठेवतात. वेळ जास्त लागतो, हाच तिचा गुण आहे असे मला वाटते.

काय विचारू नये

छातीत दुखते ते हृदयाचे आहे का, गाठ कर्करोगाची आहे का, गर्भाला काही झाले आहे का, हे प्रश्न डॉक्टरांचे आहेत आणि त्यासाठी कॅट उघडूही नये. खोटा होकार इथे जिवावर बेतू शकतो. कोर्टाचा निकाल, शेअरचा भाव, परीक्षेचा निकाल हे आपल्या हातातले नसल्यामुळे वर सांगितलेल्या कसोटीलाच उतरत नाहीत. "नवऱ्याचे बाहेर कुठे काही आहे का?" असा प्रश्न पत्त्यांना विचारून मिळालेल्या होकारावर घर मोडलेले मी पाहिले आहे, दुसऱ्याच्या मनात काय आहे हे त्यालाच विचारावे लागते. आणि आपण पैसे देऊन कोणाकडे पत्ते पाहायला गेलो असताना समोरची व्यक्ती नकार सांगून तो होकारात बदलण्यासाठी पूजेचा किंवा खड्याचा खर्च सांगू लागली, तर तिथून उठून यावे.

वही

प्रत्येक प्रश्नाला तारीख, प्रश्न, हवे असलेले उत्तर, पत्ता, आलेले उत्तर आणि मुदत संपल्यावर प्रत्यक्षात काय झाले, एवढ्या नोंदी पुरतात. शेवटचा रकाना भरायला लोक विसरतात, विशेषतः पत्ता चुकला असेल तेव्हा. म्हणून मुदतीची तारीख मोबाइलमध्ये आठवण म्हणून लावून ठेवावी. वीस प्रश्न झाल्याशिवाय आपला कॅट बरोबर सांगतो की नाही यावर मत बनवू नये, आणि वीसांपैकी दहा-अकरा जुळले तरी हुरळून जाऊ नये, कारण छापाकाटा केला असता तरी तेवढेच जुळले असते. "हवे असलेले उत्तर" आणि "प्रत्यक्षात काय झाले" हे दोन रकाने शेजारी ठेवून वाचले की पत्त्यांपेक्षा आपल्याबद्दल जास्त कळते; माझ्या पहिल्या वहीत हे दोन्ही बहुतेक ठिकाणी सारखेच निघाले, मधे पत्ता कोणताही आलेला असो.

महिन्यातून एकदा कॅट मोजावा. एकदा ७७ पत्ते भरले, आणि शोधाशोध केल्यावर प्याल्यांची नव्वी डब्याच्या झाकणात चिकटलेली सापडली. इच्छापूर्तीचा पत्ता कॅटात नसतानाच मी तीन आठवडे प्रश्न विचारत होते. त्या तीन आठवड्यांतल्या सगळ्या नोंदींपुढे मी वहीत फुली मारली.